उताराने खाल्लेले चार फूट

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. त्यातलं लग्न मी करून पाहिलं होतं. ते मोडून माहेरी परत येऊनही बरीच वर्षं झाली होती. राहिलं होतं घर. त्यामुळे एका रविवारी जेवताना माझ्या धाकट्या भावाने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवत "आता घर बांधायचंच" असं जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांत आधी माझ्याच मनात गुदगुल्या झाल्या. तलासरीच्या एका शाळेत नववीला गणित शिकवणारी, चष्मेवाली बाई मी. पण त्या दुपारी मी ताटावरून उठून वही आणायला अक्षरशः पळाले.

आमचं जुनं घर म्हणजे आशागडच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला असलेल्या पाड्यातल्या दोन खोल्या आणि एक पडवी. त्यात आई, बाबा, भाऊ, भावजय, त्यांची आठ वर्षांची मुलगी आणि मी. माझी खाट भाताची कणगी आणि भिंत यांच्या मधे होती. कूस बदलायची तर कणगीला विचारावं लागायचं. तपासायच्या वह्या खाटेखाली, साड्या कणगीच्या झाकणावर. मी तक्रार केली नाही कधी. परत आलेल्या मुलीने तक्रार करायची नसते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवून टाकलं होतं.

मला त्या नव्या घरात एक खोली हवी होती. दार लावता येईल अशी, माझी म्हणता येईल अशी. आणि ते मला मागायचं नव्हतं. दुसऱ्या कोणीतरी आपणहून म्हणावं, "ही ताईची", एवढीच इच्छा. बाकी सगळी गंमत चालली होती, पण माझ्यापुरता सगळा प्रश्न एवढाच होता.

आता जागा. आमच्याकडे सपाट जमीन आहे, पण ती भाताची. भाताच्या जमिनीत घर बांधायचं नाही हे आमच्याकडे कोणी कोणाला शिकवत नाही, ते आपोआप कळतं. माणसं उतारावर राहतात आणि भात सपाटीला राहतो. बाहेरून आलेला कोणी विचारतो, "अहो, खाली एवढी सपाट जागा असताना वर का चढता?" तर बाबांचं उत्तर ठरलेलं, "भाताला चढता येत नाय. तुम्हाला येतं." त्यामुळे घर होणार ते शेताच्या वरच्या उतारावर. त्याच्या वरच्या टोकाला वनखात्याचा हद्दीचा दगड आणि खालच्या टोकाला बाबांचा बांध. दोन्ही सारखेच न हलणारे.

भावाचा भाजीचा टेम्पो आहे. पहाटे वाणगावच्या बाजारात माल टाकला की दिवसभर तो मोकळा आणि मोबाईल भरलेला. त्याने घराचे नकाशे करायचं एक फुकटचं ॲप उतरवलं आणि आठवडाभर आमच्या घरात वेड पसरलं. रोज संध्याकाळी नवं घर. एक दिवस गोल जिना, एक दिवस काचेची भिंत. एकदा त्याने चुकून स्वयंपाकघरात पोहण्याचा तलाव टाकला आणि तो काढता येईना. भावजय म्हणाली, "राहू दे, भांडी पडतील त्यात." ॲपला उतार माहीतच नव्हता. त्यातली सगळी घरं हिरव्यागार, सपाट गवतावर उभी. मग कोणीतरी वास्तूचं काढलं, की उतार पश्चिमेला असू नये. आमचा उतार सरळ पश्चिमेला, समुद्राकडे जाणारा. भाऊ म्हणाला, "मग जेसीबी बोलावतो, डोंगर फिरवून घेऊ." आई हसता हसता ठसक्याने लाल झाली. तिला पाणी दिलं आणि वास्तू तिथेच संपली.

मोबाईलच्या घरात आईला मात्र काही समजत नव्हतं. ती म्हणायची, "मला त्यात फिरून दाखवा." फिरून दाखवणार कसं? तेव्हा भावजयीला कल्पना सुचली. भात कापून, झोडून झाला होता, शेत मोकळं होतं. तिथे पूर्ण मापाचं घर काढायचं. गिरणीतून भाताचा तूस आणायचा आणि त्याच्या रेघा म्हणजे भिंती.

बाबा आधी चिडले. "भातात घर काढता? शोभतं का?" पण तूस कुजून खतच होणार, हे भावाने पटवल्यावर ते मऊ झाले. "काढा. पण पायात चपला नको," एवढी अट घातली. मग एका रविवारी सकाळी आम्ही अनवाणी, हातात सुतळी आणि सुपं घेऊन घर काढायला उतरलो. धसकटं पायाला टोचत होती आणि आम्ही उड्या मारत, किंचाळत भिंती घालत होतो. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, दोन झोपायच्या खोल्या झाल्या, न्हाणी झाली. दारं म्हणजे जिथे तूस नाही ती जागा. एकूण घर उताराच्या दिशेने चाळीस फूट लांब. भावाने तेवढंच धरलं होतं, कारण वरच्या दगडापासून खालच्या बांधापर्यंत आम्हाला साधारण तेवढंच दिसत होतं.

आणि मग आम्ही त्या घरात राहायला गेलो.

नियम असा, की दारातूनच यायचं. भाऊ सवयीने भिंत ओलांडून आला तर आई ओरडली, "भिंतीतून कसला येतोस? भूत हायस का?" तो बिचारा मागे फिरून, पूर्ण वळसा घालून, पुढच्या दाराशी येऊन "टिंग टाँग" म्हणाला. भाचीने लगेच तेच काम स्वतःकडे घेतलं. दिवसभर ती दाराशी उभी राहून प्रत्येकाची बेल वाजवत होती, वाजवल्याशिवाय कोणाला आत सोडत नव्हती. भावजयीने स्वयंपाकघरात तीन दगड मांडून खरोखरचा चहा केला. शेजारच्या पाड्यातल्या बायका काय तमाशा चाललाय बघायला आल्या आणि तुसावर पाय न पडू देता, साड्या सावरत, हॉलमध्ये येऊन बसल्या. एकीने तर विचारलं, "पंखा नाय लावला अजून?" मग दुपारी कोंबड्या आल्या. तुसात कणी राहिलेली असते, ती टिपायला त्यांनी भाऊ-भावजयीच्या खोलीची एक भिंत उकरून साफ केली. "आमची खोली उघडी पडली!" भावजय ओरडली आणि पदर खोचून कोंबड्यांमागे धावली. ती हॉलमधून, न्हाणीतून, परत हॉलमधून धावली आणि मधल्या सगळ्या भिंती पार. आई ओरडत राहिली, "दारातून! दारातून!"

प्रत्येकाला काय हवं ते त्या दिवशी कळलं. आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता दिसायला हवा होता, कोण येतंय ते चूल न सोडता कळावं म्हणून. भावजयीला आतून कडी लागणारी खोली आणि घरात न्हाणी. भावाला भिंतभर टीव्ही. बाबा तर घरात शिरलेच नाहीत. ते बाहेर बसले आणि म्हणाले, "मी ओट्यावर हाय." ओटा आम्ही काढलाच नव्हता. त्यांच्या भोवतीने काढून घेतला.

"ताई, तुला काय पाहिजे?" भावाने विचारलं.

"काही पण चालेल," मी म्हणाले.

खालच्या टोकाला एक अरुंद खोली उरली होती, सात फुटांची. भावाने प्रत्येक खोलीत पुठ्ठ्याच्या पाट्या ठेवल्या होत्या. या खोलीतली पाटी मी वाकून वाचली. त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'पाहुण्यांची खोली'.

मी तिथे पोतं टाकून बसले आणि वह्या तपासू लागले. कोणी उठवलं नाही. म्हणजे खोली मला वापरायला होती, हे उघड होतं. पण नाव पाहुण्यांचं. त्या दिवशी एवढी हसले होते मी, पोट दुखत होतं हसून. तरी ती पाटी वाचल्यावर एका पोराच्या बरोबर उत्तरावर मी चुकीची फुली मारली.

पुढच्या रविवारी घर वर न्यायचं होतं. तुसाचं घर पोत्यात भरून नेता येत नाही, म्हणून मापं नेली. भाऊ वर वनखात्याच्या दगडाशी टेप धरून उभा राहिला. मी टेपचं दुसरं टोक घेऊन उतरत खाली आले. गवतावरून, एका मोठ्या धोंड्यावरून, मधल्या छोट्या घळीतून टेप जमिनीला घट्ट चिकटवत आणली, माप चोख यायला हवं म्हणून. बांधाला टेकले आणि वाचलं. चाळीस! बरोब्बर चाळीस!

"बराबर?" भाऊ वरून ओरडला.

"बराबर!" मी खालून.

तो उतारावरून धावतच सुटला आणि थांबता न आल्यामुळे मला घेऊन थेट भातशेतात गेला. आम्ही दोघं धसकटांत लोळत हसत होतो. त्या संध्याकाळी तलासरीहून फाफडा-जिलेबी आली. मिस्त्रीलाही फोन झाला. बाबांनी नारळ आणून ठेवला.

घात केला तो नववीच्या वर्गाने. म्हणजे वर्गाने नाही, शिडीने. पाठ्यपुस्तकातलं नेहमीचं उदाहरण, भिंतीला शिडी टेकवली आहे, शिडीची लांबी अमुक, भिंतीवर ती तमुक उंचीवर टेकते, तर शिडीचा पाय भिंतीपासून किती दूर? मी फळ्यावर त्रिकोण काढला. तिरक्या बाजूवर 'कर्ण' लिहिलं. म्हणाले, "लक्षात ठेवा, कर्ण सगळ्यांत मोठा असतो. जमिनीवरचं अंतर त्याच्यापेक्षा..." आणि खडू तिथेच थांबला.

मी तिरकी टेप धरली होती. घर तिरकं बांधायचं नव्हतं.

मला वर्गात इतकं हसू फुटलं की मी टेबलाला धरून उभी राहिले. पोरं घाबरून एकमेकांकडे बघायला लागली. एक मुलगी म्हणाली, "बाई, पाणी आणू?" वर्षानुवर्षं हाच त्रिकोण शिकवतेय मी! आणि माझ्याच घराची वेळ आली तेव्हा कर्णावर भिंती घालायला निघाले, वर धोंडाही मोजला, घळही मोजली. मधल्या सुट्टीत मी अंदाजाने हिशेब मांडला. आडव्या सरळ रेषेत जागा छत्तीस फूट. चार फूट उताराने खाल्ले होते.

घरी जाताना इको गाडीत कोंबून बसले तेव्हा हसू ओसरलं होतं. कुठले चार फूट जाणार हे मला दिसत होतं. हॉल कमी होणार नाही, टीव्ही आहे. स्वयंपाकघर आईचं. कडीची खोली भावजयीची. सात फुटांच्या खोलीतून चार गेले की तीन उरतात, आणि तीन फुटांत माणूस उभ्यानेच झोपू शकतो. मनात आलं, बोलायलाच नको. मिस्त्री आखणी करेल तेव्हा कळेलच सगळ्यांना. पण मला गुपित पचत नाही आणि चुकलेलं गणित तर अजिबातच पचत नाही.

जेवणं झाल्यावर मी बसायचा पाट घेतला. एक टोक जमिनीवर आणि दुसरं टोक तांब्यावर टेकवलं. वर दिवा होता, पाटाची सावली सरळ खाली पडली. "पाट केवढा आणि सावली केवढी ते मोजा," मी म्हणाले. भाचीने वितीने मोजलं. सावली आखूड.

"आपण पाट मोजला," मी म्हणाले. "घर सावलीवर होणार आहे."

बाबांनी एकदा पाटाकडे आणि एकदा सावलीकडे बघितलं. मग बाबा हसायला लागले. बाबा सहसा हसत नाहीत, त्यामुळे त्यांचं हसू बघूनच आई सुरू झाली. "ही मास्तरीण!" बाबा डोळे पुसत म्हणाले. "सरकार हिला पगार देतं!" भाऊ तेवढा हसला नाही. तो बोटं मोजत होता. शेवटी म्हणाला, "मग सोपं हाय. पाहुण्यांची खोली काढून टाकू. पाहुणे काय, हॉलमध्ये झोपतील."

"हो," मी म्हणाले. "तसंच करू."

कणगीच्या बाजूला आडवी झाले तेव्हा मला फार वाईट वाटलं. रागही आला. भावाचा नाही, स्वतःचा. सगळ्यांना समजावून सांगायला तोंड आहे आणि स्वतःसाठी दोन शब्द काढायला नाही.

मिस्त्री आला तो शनिवारी. अर्ध्या दिवसाची शाळा उरकून मी थेट जागेवरच गेले. त्याने पाण्याची नळी लावून समपातळी काढली आणि सांगितलं, की वरचा अर्धा भाग थोडा खोदून बसवू, खालचा अर्धा तीन पायऱ्या खाली घेऊ. म्हणजे घर दोन टप्प्यांचं होणार, आपल्याकडे उतारावरची खाचरं असतात तसं. हे सगळ्यांना पटलं. खाचरांचं लगेच पटतं. मग त्याने खालच्या टोकाला एक बांबू उभा केला आणि त्याला वर, डोक्याच्याही वर, एक फडकं बांधलं. "तुमच्या घराची जमीन इथपर्यंत येणार," तो म्हणाला. "खालून एवढं जोतं उठवायचं आणि मुरूम भरायचा. डंपर लागतील पुष्कळ."

आम्ही सगळे मान वर करून त्या फडक्याकडे बघत राहिलो. भावजय मात्र त्याच्या खाली जाऊन उभी राहिली. हात वर केला, तरी फडक्याला पोचला नाही. ती इकडेतिकडे फिरली, वळली, परत फिरली.

"एवढ्या उंच जागेत माती भरायची?" ती म्हणाली. "कशाला? इथे मी उभी आहे की!"

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "पिलर घेतले तर खोली होईल. थोडं खोदावं लागेल."

"मग भरता कशाला!"

झालं. सगळे त्या नसलेल्या खोलीत घुसले. खाली शेत, पलीकडे ताडांची रांग, आणि दुपारचा वारा समुद्राकडून सरळ आत. वरचं सगळं घर एकीकडे आणि ही खोली एकीकडे, हे तिथे उभं राहिल्यावर लगेच कळत होतं. "ही माझी," बाबा म्हणाले. "नागली, औजारं, सगळं इथं." आई म्हणाली, "तुमचं काय? माझे गुडघे बघा. इथं पायरी नाय एक पण. मी इथं." भाऊ म्हणाला, त्याला धंद्यासाठी ऑफिस लागणारच आहे. भाजीच्या टेम्पोला कसलं ऑफिस, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. भावजय म्हणाली, खोली शोधली कोणी? कडी इथे लावीन. भाचीने सरळ जमिनीवर लोळण घेतली, आणि मिस्त्रीनेसुद्धा, बांधकाम होईपर्यंत सिमेंट इथेच ठेवू, म्हणून आपला हक्क सांगून टाकला. सगळे एकदम बोलत होते, एकमेकांना ढकलत होते, हसत होते.

"ही खोली माझी आहे!"

एवढ्या मोठ्याने मी वर्गातही ओरडत नाही. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. मिस्त्रीच्या हातातली नळी निसटली आणि पाणी त्याच्या पायावर सांडायला लागलं, तरी तो हलला नाही.

"माझी आहे," मी पुन्हा म्हणाले. "मला कणगीमागे नाही राहायचं. हॉलमध्ये नाही झोपायचं. आणि मी पाहुणी नाही."

आईने बाबांकडे बघितलं, मग भावाकडे. भाऊ पायाने ढेकूळ फोडत म्हणाला, "तरी मी बोललेलो आईला. ताईचं नाव लिहू दे."

"मग लिहिलं का नाहीस?"

"मीच नको बोलले," आई म्हणाली. ती माझ्या अगदी जवळ आली. "तुझं नाव लिहिलं असतं तर तुला वाटलं असतं, आईने मला कायमची इथंच बसवली. आता कुठं जायचं नाय, दुसरा संसार करायचा नाय. नाय लिहिलं तर वाटलं असतं, आई हाकलते. मला काय सुचेना. म्हणून याला बोलले, पाहुणे लिही. खोली तर राहील. तू तोंडाने सांगशील तेव्हा बघू." तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलेलीही होती. "पण तू सांगशील तर ना! जेव्हा विचारावं तेव्हा, काही पण चालेल, काही पण चालेल. हा खोलीच काढू बोलला, तेव्हा पण मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू आपली 'हो' बोललीस. अगं, मला कसं कळणार?"

"मी राहणार आहे," मी म्हणाले. "इथेच. मला राहायचंय."

"मग रडतेस काय? दार कुठं पाहिजे ते सांग. मिस्त्री थांबलाय."

मी नाक पुसलं आणि सांगायला लागले. दार शेताकडे, दोन फळ्यांचं. खिडकी दक्षिणेला, मोठी, बसता येईल एवढा रुंद कठडा. वह्यांना भिंतीत फडताळ, साड्यांना वेगळं. दिव्याचं बटण खाटेवरून हात पोचेल असं. आतून कडी, बाहेरून कुलूप. बाबांच्या नागलीला एक कोपरा, पण एकच. मिस्त्री "थांबा, थांबा" म्हणत खिशातली पेन्सिल शोधत होता, भाऊ कपाळाला हात लावून खाली बसला होता, मी बोलतच होते, आणि आई माझा दंड धरून प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती.